लेक प्लॅसिडचा हिवाळी मुक्काम : एक रात्र की दोन?

प्रश्न : आम्ही दोघे न्यू जर्सीत राहतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या गाडीने मॉन्ट्रियलला जायचे ठरले आहे. वाटेत लेक प्लॅसिडला एक रात्र थांबून स्कीइंग करावे, असा माझ्या यजमानांचा आग्रह आहे. मी आजवर कधी स्की पायात चढवलेली नाही, माझा उजवा गुडघा दुखरा आहे आणि बर्फाळ रस्त्याची मला मनापासून भीती वाटते. त्या गावात माझ्यासाठी काही आहे का, की मी दिवसभर हॉटेलच्या खिडकीत बसून राहायचे? आणि एक रात्र पुरेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : एक रात्र पुरणार नाही, दोन ठेवा. न्यू जर्सीहून लेक प्लॅसिडला पोहोचायला कोरड्या रस्त्यावरही पाच तास सहज लागतात. तुमच्या बेतानुसार यजमान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोंगरावर असतील आणि मग थकलेल्या पायांनी गाडी घेऊन कॅनडाच्या सीमेकडे निघतील. जानेवारीअखेर तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवसा वितळलेले पाणी रस्त्यावर पुन्हा गोठू लागते आणि डांबराच्याच रंगाचा तो पातळ बर्फ डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या भीतीला खरा आधार आहे तो या वेळेचा. ज्या दिवशी खेळायचे त्या दिवशी लांबचा प्रवास करायचा नाही, एवढा एक नियम पाळलात तर सहलीतला मोठा धोका कमी होईल आणि तुम्हालाही गावासाठी एक पूर्ण दिवस मिळेल.

प्रथम रस्त्याचे पाहू. आल्बनीनंतर आय-८७ महामार्गाने उत्तरेकडे जाऊन तिसाव्या क्रमांकाच्या एक्झिटला बाहेर पडायचे आणि ७३ क्रमांकाचा रस्ता धरायचा. हा रस्ता अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतातून कीन व्हॅली आणि कीन या गावांवरून चढत जातो. शेवटच्या टप्प्यात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कॅस्केड सरोवरे अशा चिंचोळ्या खिंडीतून तो जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंधार पडला होता. मला दिव्यांच्या झोतात उडणाऱ्या हिमकणांपलीकडे काही दिसले नाही आणि स्टिअरिंग घट्ट धरून हात आखडले होते. परतताना सकाळच्या उन्हात तीच खिंड पाहिली, तेव्हा कड्यावर गोठलेल्या धबधब्यांवरून दोराच्या आधाराने चढणारी माणसे दिसली आणि येताना आपण काय गमावले ते कळले. म्हणून घरून पहाटेच निघा आणि तिसाव्या एक्झिटला दुपारी दोनच्या आत पोहोचा. त्या पट्ट्यात मोबाइलचे सिग्नल मधूनमधून नाहीसे होतात, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि महामार्ग सोडण्यापूर्वी पेट्रोलची टाकी भरून घ्या.

टायरबद्दल तडजोड करू नका. तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की साध्या ऑल-सीझन टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. अशा टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असते, ते स्वतः पाहून खात्री करा. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर बसवणे कायद्याने सक्तीचे आहे. तुमच्या गाडीला ती सक्ती लागू होत नाही, पण त्याच रस्त्यांवर त्याच बर्फातून तुम्ही जाणार आहात. पुलांवर वेग आधीच कमी करा, कारण वरून आणि खालून थंड हवा लागल्याने ते सर्वांत आधी गोठतात. बर्फ सारणारी गाडी पुढे असेल तर तिला ओलांडू नका. तिच्या मागचा रस्ताच त्या क्षणी सर्वांत सुरक्षित असतो.

आता तुमच्या खिडकीचा प्रश्न. लेक प्लॅसिड हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव आहे आणि तरीही तेथे १९३२ आणि १९८० अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाली. गावाची मुख्य वस्ती ज्या तळ्याकाठी आहे ते मिरर लेक; लेक प्लॅसिड नावाचे सरोवर त्याच्या उत्तरेला आहे. मुख्य रस्त्यावरच्या ऑलिंपिक सेंटरमध्ये ते बर्फाचे मैदान आजही वापरात आहे, जेथे २२ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेच्या विद्यार्थी खेळाडूंच्या आइस हॉकी संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. तो सामना सुवर्णपदकाचा होता असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात पदक निश्चित झाले ते त्यानंतर फिनलंडला ४-२ असे हरवल्यावर. शेजारीच, गावातल्या हायस्कूलच्या समोर, उघड्यावरचा स्केटिंग ट्रॅक आहे. एरिक हायडन यांनी त्याच ट्रॅकवर ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंतच्या पाचही शर्यती जिंकून एकाच स्पर्धेत पाच सुवर्णपदके मिळवली. एक माणूस स्फोटक वेगाची सर्वांत छोटी शर्यत आणि दमसासाची सर्वांत लांब शर्यत, दोन्ही जिंकतो, हे आजही मला अद्भुत वाटते. संध्याकाळी तेथे सामान्य लोकांना स्केटिंग करता येते. दुखऱ्या गुडघ्याने तुम्ही स्वतः बर्फावर उतरू नका, पण दिव्यांच्या उजेडात शाळकरी मुले त्याच ट्रॅकवर फेऱ्या मारताना कठड्याशी उभे राहून अवश्य पाहा.

गावात शिरताना ७३ क्रमांकाच्या रस्त्यालगतच स्की जंपिंगचे दोन उंच मनोरे दिसतात. उंच मनोऱ्याच्या टोकापर्यंत लिफ्टने जाता येते. खेळाडू ज्या जागी बसून उडी घेतो तेथून खाली पाहिले की या खेळाला काय धैर्य लागते ते कळते. जवळच जॉन ब्राउन यांचे शेत आणि समाधी आहे. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलल्याबद्दल १८५९ मध्ये त्यांना फाशी झाली. महात्मा फुले यांनी आपला १८७३ सालचा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता, हे आठवले की मराठी माणसाला ती हिमाच्छादित जागा परकी वाटत नाही. मला विचाराल तर तुमच्या यजमानांनीही तासभर काढून तेथे यावे.

यजमानांचा डोंगर मात्र गावात नाही. व्हाइटफेस हा विल्मिंग्टन येथे, गाडीने सुमारे वीस मिनिटांवर आहे. त्याचा ३,४३० फुटांचा एकूण उतार पूर्व अमेरिकेतील स्की केंद्रांत सर्वाधिक आहे. वाऱ्याने घट्ट झालेल्या बर्फामुळे स्कीवाले त्याला ‘आइसफेस’ म्हणतात, हे त्यांना आधी सांगा. सराव कमी असेल तर बेअर डेन या शिकाऊ उतारांच्या भागात त्यांनी सकाळी धडा घ्यावा आणि हेल्मेट घालावे. त्यांना सकाळी सोडून तुम्ही गावात परतू शकता, पण त्यासाठी बर्फात गाडी तुम्हाला चालवावी लागेल. ते नको असेल तर त्यांनी एकट्याने जावे. तुमचे हॉटेल मुख्य रस्त्यावर असले म्हणजे झाले, सारे गाव पायी फिरता येते.

थंडीबद्दल थोडक्यात सांगतो. रात्री पारा अनेकदा उणे पंधराच्या खाली जातो. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो. लोकरीचा पातळ थर, वर उबदार थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असावे. बुटांना लावायचे काटेरी रबरी पट्टे अवश्य घ्या, कारण तुमच्या गुडघ्याला खरा धोका फूटपाथवरच्या निसरड्या बर्फाचा आहे. गोठलेल्या मिरर लेकवर लोक चालताना दिसतील. जेथे वाट साफ करून खुली ठेवली आहे तेथेच पाय ठेवा.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर विल्मिंग्टनमार्गे निघून चौतिसाव्या एक्झिटला पुन्हा आय-८७ गाठा. तेथून सीमा पार करून दुपारपर्यंत मॉन्ट्रियलला पोहोचाल.

प्रश्न : हिमवादळात गाडी रस्त्याकडेला अडकली तर उतरून मदत शोधावी का?
– एक वाचक, बफेलो

उत्तर : नाही, गाडीतच थांबावे. वादळात दोनशे पावलांवरचे घरही दिसत नाही आणि शोधपथकाला माणसापेक्षा गाडी लवकर सापडते. ९११ वर कळवा. इंजिन सुरू करण्यापूर्वी मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ दर वेळी काढा, कारण ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो, आणि या विषारी वायूला वास नसतो. तासातून सुमारे दहा मिनिटेच इंजिन चालवा आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी उघडी ठेवा. दोन जाड पांघरुणे, छोटे फावडे, विजेरी, पाणी आणि कोरडा खाऊ डिकीत न ठेवता मागच्या सीटवर ठेवा. डिकी गोठली तर उघडत नाही.