आदिवासी की मूलनिवासी?

प्रश्न असा आहे : संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या, 'इंडिजिनस पीपल्स'च्या (indigenous peoples) हक्कांच्या जाहीरनाम्याबद्दल मराठीत लिहिताना 'आदिवासींचे हक्क' म्हणावं की 'मूलनिवासींचे'?

माझं मत 'आदिवासी'ला. ९ ऑगस्टला नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत साजरा होतो तो 'जागतिक आदिवासी दिन'. ज्यांचा प्रश्न, त्यांनीच शब्द निवडलेला आहे. 'मूलनिवासी' चुकीचा नाही, पण आपल्याकडे तो बहुजन चळवळीत बऱ्याच व्यापक अर्थाने रुळलाय, त्यामुळे वाचकाची गल्लत होते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. 'मूलनिवासी' म्हटलं की आधी कोण आलं हा वाद सुरू होतो. भारताने २००७मध्ये जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं (बाजूने १४४, विरोधात ४), पण भूमिका अशी की स्वातंत्र्याच्या वेळचे सगळेच भारतीय आणि त्यांचे वंशज इथले मूळचे! म्हणजे हक्क मान्य, हक्कदार कोणीच वेगळा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८९च्या १६९व्या करारात या वादात अडकावं लागत नाही. वसाहतीच्या किंवा परक्यांच्या ताब्याच्या आधीपासून राहणाऱ्यांचे वंशज त्यात आहेतच, पण स्वतःच्या चालीरीतींनी वा खास कायद्यांनी जगणारे, उरलेल्या समाजापेक्षा वेगळे असे जमातींचे समूहही आहेत. आणि आपण कोण, हे त्या समूहाने स्वतः मानणं ही मूलभूत कसोटी. भारताने १९५७चा जुना १०७वा करार मंजूर केला होता, १६९वा अजून केलेला नाही.

'अनुसूचित जमाती' हा शब्द इथे चालणार नाही. ती आपल्या संविधानाच्या ३४२व्या अनुच्छेदाखालची यादी आहे. न्यूझीलंडचे माओरी किंवा नॉर्वेचे सामी तिच्यात कसे बसतील? (अशांना शक्यतो त्यांच्याच नावाने हाक मारावी, हे उत्तम.)

एक गोष्ट मात्र बहुतेक भाषांतरांत निसटते. मूळ इंग्रजी मसुद्यात 'पीपल्स' (peoples) हे अनेकवचनात, म्हणजे अनेक लोकसमूह अशा अर्थाने येतं. १९५७च्या करारात 'लोकसंख्या' होती, १९८९मध्ये 'लोकसमूह' आला, तोही या शब्दावरून आंतरराष्ट्रीय कायद्यातले इतर हक्क गृहीत धरू नयेत अशी पाचर मारून, कारण स्वयंनिर्णयाचा, म्हणजे आपला राजकीय दर्जा स्वतः ठरवण्याचा, हक्क लोकसमूहाला असतो. २००७च्या तिसऱ्या अनुच्छेदात तो हक्क सरळ दिला आणि ४६व्यात देशाच्या अखंडतेला धक्का लागू नये असं कुंपणही घातलं. म्हणून मी 'आदिवासी लोकसमूहांचे हक्क' लिहीन. नुसत्या 'आदिवासींचे हक्क'मध्ये एकेका माणसाचा हक्क दिसतो, गावाच्या जमिनीवरचा सामूहिक हक्क दिसत नाही. वनहक्काचा वैयक्तिक दावा आणि सामूहिक दावा यांतला फरक गडचिरोलीत कुणालाही विचारा.

आणि 'जाहीरनामा'च लिहा, 'करार' नको. करार मंजूर करणाऱ्या देशाला बांधतो, जाहीरनामा तसा बांधत नाही.