तारकर्ली की पाळोळे?

दिवाळीला दोन-अडीच महिने उरले की, आणि पुन्हा मार्च उजाडला की, माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास डोकावते: ‘साधं सुट्टीला कुठे जायचं, हेसुद्धा आमचं ठरत नाही.’ केवळ या कारणासाठी समुपदेशकाकडे कोणी येत नाही. लोक येतात ते अबोल्यासाठी, चिडचिडीसाठी, मुलांच्या अभ्यासासाठी. सहलीचा विषय उदाहरणादाखल आणि बहुधा ओशाळलेल्या स्वरात निघतो. ‘आता हे काय तुम्हाला सांगायचं,’ असे म्हणून ते पुढे जाऊ पाहतात आणि मी त्यांना तिथेच थांबवते. पैसा, सासर-माहेर, मुलांचे भवितव्य या मोठ्या विषयांवर माणसे पाठ झालेली वाक्ये बोलतात. सहलीबद्दल बोलताना ती बेसावध असतात, आणि घरात निर्णय खरोखर कसे होतात ते तिथे स्वच्छ दिसते.

ठाण्यातील एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. पती एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम पाहणारे, पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका, मुलगी नुकतीच महाविद्यालयात गेलेली, आणि घरात सासूबाई, ज्यांचे गुडघे काही वर्षांपासून कुरकुरत होते. दिवाळीत चार दिवस समुद्रकिनारी जायचे, एवढे ठरले होते. प्रश्न होता तो मालवणजवळच्या तारकर्लीला जायचे की दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यातल्या पाळोळ्याला, एवढाच.

पतीने मोबाइलवर केलेला तक्ता माझ्यापुढे धरला. तक्ता उत्तम होता, हे कबूल करायला हवे. तारकर्लीच्या रकान्यात लांबलचक मोकळा किनारा, देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग, मुलीसाठी स्कूबा डायव्हिंग, निवास-न्याहारीच्या घरगुती सोयी असे सारे होते. पाळोळ्याच्या रकान्यात अर्धचंद्राकृती किनारा, आडोशामुळे बऱ्यापैकी शांत आणि उथळ पाणी, संध्याकाळची वर्दळ आणि वाळूवरच्या झोपड्या; त्यापुढे कंसात ‘पावसाळ्याआधी काढतात, नंतर पुन्हा उभारतात, दिवाळीपर्यंत सगळ्या तयार असतील का?’ अशी शंकाही नोंदवलेली. भाडी, अंतरे, लोकांचे अभिप्राय, सगळे जिथल्या तिथे.

“मग तुम्हाला स्वतःला कुठे जावंसं वाटतं?” मी विचारले.

“मला दोन्ही चालेल. हिला विचारा.”

“यांना बरं वाटेल तिथे जाऊ,” पत्नी म्हणाल्या.

घरात कित्येक दिवस धुसफूस चालली होती आणि तरीही दोघांपैकी एकानेही आपली पसंती एकदाही उघड बोलून दाखवलेली नव्हती. मतभेद झाल्याशिवायच भांडण चालू होते. असे दृश्य मला नवीन नाही. अशा वेळी आणखी माहिती गोळा करण्याचा सल्ला नातेवाईक देतात आणि तो हटकून अंगाशी येतो, कारण माहिती वाढली की निर्णय पुढे ढकलायला सभ्य कारण मिळते. अर्थशास्त्रातले १९७८ चे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले आहे, की प्रत्यक्ष जगात माणूस सर्वांत उत्तम पर्याय शोधू शकत नाही; पुरेसा चांगला पर्याय सापडला की तिथे थांबण्यातच शहाणपण असते. या कुटुंबाच्या हातात तर असे दोन पर्याय होते. थांबता येत नव्हते, त्याचे कारण तक्त्याबाहेर कुठेतरी होते.

ते बाहेर आले रेल्वेच्या तिकिटावरून. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती) आणि दिवाळीतल्या कोकणकन्येच्या जागा बघता बघता संपतात. म्हणून पुढच्या भेटीत मी तिकिटांचे विचारले.

“काढली,” पती काहीशा विजयी स्वरात म्हणाले. “मडगावपर्यंतची काढली. म्हणजे तारकर्लीचं ठरलं तर वाटेत कुडाळला उतरता येईल.”

“आणि खोल्या दोन्हीकडे घेऊन ठेवल्यात,” पत्नीने भर घातली, “रद्द करता येतील अशा.”

गाडी एक, डबा एक. प्रश्न फक्त कुडाळला उतरायचे की मडगावला, एवढ्यावर आला होता. मी म्हटले, “गाडी रात्री सुटते. कुडाळ येईल तेव्हा सकाळ असेल, सगळे पेंगुळलेले असतील. त्या वेळी कोण कोणाला उठवणार?”

दोघेही गप्प बसले. पतीने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. मग पत्नी अगदी हळू म्हणाल्या, “जो उठवेल, त्याने ठरवलं असं होईल.”

या एका वाक्यासाठी आधीच्या सगळ्या भेटी खर्ची पडल्या होत्या असे म्हटले, तरी मला ते महाग वाटत नाही. त्या घाईघाईने पुढे काही बोलणार होत्या, मी हाताने थांबवले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा स्वर बदलला. काही वर्षांपूर्वी पतीने निवडलेल्या एका किनाऱ्यावर ऐन मे महिन्यात रात्रभर वीज नव्हती, आईंना झोप लागली नाही, आणि परतीच्या प्रवासात पत्नी बोलून गेल्या होत्या, ‘तुम्हीच ठरवलं होतं.’ त्यांच्या मते त्या हे एकदाच बोलल्या. पतीच्या मते ते वाक्य त्यानंतर घरात रोज बोलले जात होते, फक्त आवाज न करता. तेव्हापासून त्यांनी कशालाही ‘हे मला हवं’ असे म्हटले नव्हते, आणि ते म्हणत नाहीत हे पाहून पत्नीनेही म्हणायचे सोडले होते.

तक्त्यात एक रकाना कमी होता, तो म्हणजे बिघडले तर बोल कोणाला लागणार याचा. दोघेही मनातल्या मनात तोच एक रकाना भरत होते आणि किनाऱ्यांची तुलना हे त्यावरचे पांघरूण होते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीकडे माझा कल आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळते. त्या दृष्टीने पाहता या घराला छळत होती ती दोन गावांमधली निवड नव्हे, तर ‘मी निवडलेले बिघडता कामा नये, आणि बिघडले तर ते मला सोसणार नाही’ ही समजूत. अशा समजुतीशी वाद घालण्याऐवजी मी तिची बारकाईने चौकशी करते. म्हणून मी दोघांना सांगितले, की किनाऱ्याचे गुण पुरे झाले. आता प्रत्येकाने एका गावातला सर्वांत फसलेला दिवस वर्णन करून सांगावा.

पत्नीने तारकर्ली घेतले. परतीचा पाऊस रेंगाळला, होड्या बंद, स्कूबा रद्द, मुलगी रुसलेली, आईंचे गुडघे दुखताहेत. “मग?” मी विचारले. “मग काय, खोलीत बसू.” “आणि?” त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “दुपारी जेवून झोपू. गेल्या कित्येक महिन्यांत दुपारी झोपलेले नाही मी.” पतींना हसू आले. पाळोळ्याच्या फसलेल्या दिवसात त्यांनी अर्धवट उभी राहिलेली झोपडी आणि रात्री उशिरापर्यंतचे संगीत घातले होते. तोही दिवस सांगता सांगता सोसण्याजोगा निघाला.

भीती अशी उतरल्यावर पसंती बोलायला फार वेळ लागला नाही. पत्नी म्हणाल्या, “चौथीच्या मुलांना मी दरवर्षी शिवछत्रपतींचा इतिहास शिकवते. सिंधुदुर्गाचा धडा आला की फळ्यावर तटाचं चित्र काढते. किल्ला मी अजून पाहिलेला नाही.” इतक्या वर्षांच्या संसारात पतीने हे प्रथमच ऐकले होते. त्यांनीही मग सांगितले, की त्यांना किल्ला वगैरे काही नको, शांत पाण्यात नुसते पडून राहायचे आहे आणि त्यासाठी पाळोळेच बरे होते. या ठिकाणी ‘दोघांचंही साधेल असं काहीतरी बघू या’ असे म्हणण्याचा मोह समुपदेशकाला होतो. मी तो टाळते. एक गाव निवडले की दुसऱ्यातले काहीतरी गमवावे लागते, आणि ज्याचे गमावले जाते त्याला ते मोठ्याने म्हणू देणे हे भरपाई शोधण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. “मला पाळोळं हवं होतं आणि मी ते या वर्षी सोडतोय,” असे पती म्हणाले, तेव्हा त्यात उपकाराचा सूर नव्हता. तो सूर असता तर मी पुढे जाऊ दिले नसते.

सासूबाईंना कोणी विचारलेच नव्हते. घरी जाऊन विचारल्यावर त्यांनी एकच चौकशी केली: “तिथे संडास कमोडचा आहे ना?” दोन्ही रकान्यांत ही नोंद नव्हती. तारकर्लीत घेऊन ठेवलेल्या खोलीत भारतीय पद्धतीचा संडास निघाला, आणि जवळच दुसरी जागा शोधावी लागली. होडीतला चढ-उतार आपल्याला झेपणार नाही, तुम्ही किल्ला बघून या, हेही त्यांनी स्वतःहून सांगून टाकले.

याच अडचणीत असलेल्यांना मी साधारण असे सांगते. ज्या गोष्टी तिथे पोहोचल्यावर दुरुस्त होणार नाहीत, त्या आधी फोन करून विचाराव्यात: संडास, जिने, खोलीपासून पाण्यापर्यंत वाळूत किती चालावे लागेल, वीज गेली तर सोय काय. बाकीच्या गोष्टी, म्हणजे सूर्यास्त कुठला सुंदर आणि सुरमई कुठली ताजी, या नशिबावर सोडाव्यात. आरक्षण उघडण्याचा दिवस हाच निर्णयाचा दिवस मानावा आणि तिकीट उतरायच्या स्टेशनाचेच काढावे. घरातल्या प्रत्येकाने, मुलांनी आणि वृद्धांनीसुद्धा, त्या दिवसाआधी आपली एक गरज सांगावी. मात्र शेवटचा शब्द एकाचा असावा, पुढच्या वेळी दुसऱ्याचा, आणि ज्याने ठरवले त्याला नंतर जाब विचारला जाणार नाही, हे सर्वांनी आधी कबूल करावे. तक्रार करायला हरकत नाही. डास फार होते, असे म्हणावे. ‘तुझ्यामुळे डास होते’ असे म्हणू नये.

जिथे एकच व्यक्ती नेहमी ठरवते आणि बाकीच्यांना बोलायचीच भीती वाटते, त्या घरांना हा उपाय लागू नाही. तिथे सहलीचा प्रश्न बाजूला ठेवून त्या भीतीपासून सुरुवात करावी लागते.

हे कुटुंब कुडाळला उतरले. परतल्यानंतरच्या भेटीत कळले, की पाणी गढूळ असल्यामुळे मुलीचे स्कूबा झाले नाही आणि तिने त्याबद्दल भरपूर कुरकुर केली. पत्नीने सिंधुदुर्गाच्या तटाचे फोटो दाखवले. पती म्हणाले, की पाळोळे पुढच्या वर्षी, आणि तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा राहील. त्यावर पत्नीने मान हलवली आणि लगेच मुलीला वसतिगृहात ठेवावे की नाही हा विषय काढला, ज्यावर या वेळी दोघांचीही मते ठाम आणि परस्परविरुद्ध होती.