गवंड्याला 'बांगलादेशी' म्हणून उचललं, आता काय करायचं?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. नवी मुंबईतल्या घणसोलीच्या साइटवरचा, पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा गवंडी काल संध्याकाळपासून चौकीत आहे, त्याचं काय? आणि जीव वाचवायला खरोखरच सीमा ओलांडून आलेल्याला आपल्याकडे काही हक्क असतो का? पहिल्याची घाई आहे, म्हणून तो आधी. मी वकील नाही. ठाणे कोर्टात एका वकिलांकडे 19 वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीचशी असल्याच कागदांमागे धावण्यात गेली.

चौकीत जाऊन आधी एकच विचारा: अटक आहे की चौकशीला बसवलंय? अटक असेल तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे. घटनेच्या कलम 22 मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. म्हणजे तो उद्या खरंच परदेशी निघाला तरी हे चुकत नाही.

'नुसतं व्हेरिफिकेशन चाललंय' असं उत्तर आलं तर जास्त काळजी करा, कारण त्या बसवण्याची कागदावर नोंदच नसते. ती आपण करायची. बायकोच्या नावाने साधा अर्ज लिहा: किती वाजता नेलं, कुठून नेलं, कुठे ठेवलंय, सोबत कोणते कागद जोडले. दोन प्रती, एकीवर शिक्का-तारखेसह पोच. ठाणे अंमलदार पोच द्यायला कुरकुर करेल. केलीच तर तोच अर्ज आयुक्तालयाला ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही टाका. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, करायची वेळ आली तर कधी नेलं हे याच कागदावरून दाखवता येतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. 15100 वर फोन करा किंवा कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा.

आधार दाखवला की सुटेल, या भ्रमात राहू नका. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्याच एका प्रकरणात आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, तिन्हींबद्दल तेच सांगितलं. 1 जुलै 1987 च्या आधी इथे जन्मलेल्याला जन्माचा पुरावा पुरतो, त्यानंतरच्याला आईबापांपैकी एकाचं नागरिकत्व दाखवावं लागतं, आणि डिसेंबर 2004 नंतरच्यांना नियम आणखी कडक. तुमचा गवंडी तिशीतला, म्हणजे बापाचे कागद लागणार. गावच्या शाळेचा दाखला, जुन्या मतदार यादीतलं बापाचं नाव आणि जमिनीचा खतियान, म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा बंगाली भाऊ.

या खतियानावरून आठवलं. आमच्याकडच्या एका प्रकरणात बाईने तो घडी घालून ब्लाउजच्या पिशवीत जपून आणला होता. पोलीस साहेब तो उलटा धरून बघत होते, कारण अख्ख्या चौकीत बंगाली वाचणारं कुणी नव्हतं. आणि 'लिपी बांगलादेशची आहे' हा शेरा मात्र मारून झाला होता! शेवटी वाशीच्या बंगाली मिठाईवाल्याला दुकानातून उठवून नेलं. त्याने बोट ठेवून मौजा, पोलीस ठाणं, जिल्हा वाचून दाखवलं. रात्री साडेदहाला नवरा सुटला.

भारतीय असल्याचं सिद्ध करायचं ओझं कायद्याने त्याच माणसावर टाकलंय, हे खरं. पण संशयाला हातात काहीतरी आधार हवा, उगाच कुणालाही धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्या प्रकरणात बजावलंय. घाईने काय होतं ते जून 2025 मध्ये दिसलंच. मुंबई-ठाणे पट्ट्यातून उचललेले बंगालचे मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. म्हणून म्हणतो, जे काही करायचं ते माणूस नवी मुंबईत आहे तोवर. एकदा सीमेवर नेला की आपला फोन कुणी उचलत नाही.

आता दुसरा प्रश्न. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं दिल्लीत कार्यालय आहे, ते कार्ड देतं. कार्ड असेल तर पोलिसांना आणि मॅजिस्ट्रेटना जरूर दाखवा, पण ते व्हिसा नव्हे. जगण्याचा हक्क परक्यालाही आहे, हे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा लोकांबद्दलच्या 1996 च्या निकालात आलं. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या 2021 च्या प्रकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाने रीतसर प्रक्रिया पाळून परत पाठवायला अडवलं नाही. मला तो निकाल पटत नाही, पण त्यातले 'प्रक्रिया पाळून' हे शब्द वकिलाच्या कामाचे आहेत, तेवढे धरून ठेवायचे.

वर एकांनी 'असल्यांना हक्क कसले?' असं लिहिलंय. त्यांनी कधी उल्हासनगरला रिक्षात बसून पत्ता ऐकावा. लोक अजून 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. फाळणीत सिंधमधून आलेल्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं होतं, 1949 मध्ये त्याचं गाव झालं. हे आपल्याच जिल्ह्यातलं.

असो. बायकोला चौकीत एकटी पाठवू नका, मुकादमाला सोबत घ्या, कामावरचं हजेरीपुस्तक घ्या. चौकीत झेरॉक्सच द्यायच्या, ओरिजिनल हातातून सोडायचे नाहीत. मालद्याहून व्हॉट्सॲपवर कागद आले की मला कळवा. मिठाईवाला नऊपर्यंत दुकानात असतो.