खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधलं नायट्रेट केमिकल न वापरता कसं कमी करायचं?

नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली येत नाही आणि बाटलीतलं औषध घालायचं नाही, तर माझं पहिलं मत कीटोमॉर्फाला. हिरव्या तारांच्या गुंत्यासारखं दिसणारं हे समुद्री शेवाळ सम्पच्या (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) एका कप्प्यात ठेवा आणि वर ग्रो लाइट लावा. तो रात्री चालू ठेवलात, तर मुख्य दिवे बंद असताना पीएच फार घसरत नाही. शेवाळ कप्पाभर झालं की अर्धं काढून टाका. ही छाटणी चुकवू नका. शेवाळाने शोषलेलं नायट्रेट टँकबाहेर जातं ते त्यातूनच. नाहीतर आतलं शेवाळ कुजतं आणि सगळं परत पाण्यात येतं.

लाइव्ह रॉकचीही (जिवाणू वसलेल्या सच्छिद्र समुद्री दगडाचीही) मदत होते. त्याच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. खारफुटीची रोपं छान दिसतात, पण वाढ फार हळू; त्यांच्या भरवशावर राहू नका.

खाणं मात्र आजच कमी करा, फ्रोझन खाद्य गाळणीत धुऊन घाला, फिल्टरचा स्पंज वेळच्या वेळी साफ करा. आणि शून्याचा हट्ट नको. प्रवाळ असतील तरी ५ ते १० पीपीएम चालतं. नायट्रेट पार संपलं तर प्रवाळ फिके पडतात.