जुन्या इमारतीच्या कॉलममधून कोअर काढल्याने इमारत कमकुवत होते का? हॅमर टेस्ट पुरेशी नाही का?

कोअर (तपासणीसाठी ड्रिलने कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढल्यास कॉलम कमकुवत होतील, हॅमर टेस्टवर (पृष्ठभागावर स्प्रिंगचा हातोडा मारून त्याच्या उसळीवरून ताकदीचा अंदाज) भागवावे, असे तुमचे सचिव म्हणतात. नागपूरच्या मानेवाड्यातील आमच्या सोसायटीच्या सभेतही मी हेच ऐकले होते, म्हणून लिहीत आहे.

आमची इमारत १९८९ ची आणि नकाशातील काँक्रीट एम १५, म्हणजे १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे. एका सल्लागाराने पार्किंगमधील कॉलमवर हॅमर मारून २५ च्या वरची ताकद काढली आणि इमारत सुस्थितीत असल्याचे लिहून दिले. कोअर घ्या, हे बांधकामात ३१ वर्षे काढलेल्या माझे म्हणणे तीन सभांत कोणी ऐकले नाही. ‘पिलरला भोके पाडायला निघाले’ हा शेरा मात्र इतिवृत्तात आला. माझ्या फ्लॅटखालच्या कॉलमपासून सुरुवात करा, असे मी लेखी दिले, तेव्हा कोअरला मंजुरी मिळाली.

पहिला कोअर मी हातात घेतला. बाहेरचा बोटभर थर टणक होता. आत मात्र काळ्या गिट्टीभोवती सिमेंट इतके कमी, की कन्हान नदीची रेती नखाने सुटत होती आणि एका पोकळीत करंगळीचे टोक जात होते. भोकाच्या कडेचा ताजा टवका काढून, चांगल्या काँक्रीटवर गुलाबी होणारे फिनॉल्फथॅलीन फवारले, तर ४० मिलिमीटर खोलीपर्यंत गुलाबी रंग आला नाही. म्हणजे कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म जाणे) सळईच्याही मागे गेले होते. कार्बोनेशनने पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर त्या कडकपणाचाच आकडा दाखवतो, हे मी पहिल्याच सभेत सांगितले होते.

काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किमान ३ कोअर लागतात. घनाच्या (चाचणीच्या चौकोनी ठोकळ्याच्या) ताकदीत रूपांतर केल्यावर त्यांची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम १५ साठी हे आकडे १२.७५ आणि ११.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होतात. आमच्या ४ कोअरची सरासरी १०.४ आली. निव्वळ हॅमरवर जुनी इमारत पास करणारा अहवाल मी अहवालच मानत नाही.

कोअरने इजा होऊ शकते, हेही खरे. पण ती निष्काळजीपणाने होते. आधी रिबार लोकेटरने सळया शोधून खुणा कराव्यात, २३० मिलिमीटरच्या कॉलममध्ये १०० चा कोअर घालू नये, व्यास गिट्टीच्या कमाल आकाराच्या निदान तिप्पट असावा, आणि भोक न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) लगेच भरावे. कॉलमच्या अगदी वरच्या टोकाचा कोअर घेऊ नका. ओतताना पाणी वर चढल्यामुळे तेथील काँक्रीट मुळातच कमकुवत असते. हॅमर अगदी निरुपयोगी आहे असे नाही. कोअर कोठे घ्यायचा हे ठरवायला तो आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) चाचणी उपयोगी पडतात.

सचिवांना त्यांचा नकार कारणासह इतिवृत्तात लिहायला सांगा आणि त्याची प्रत मागा. आमच्याकडे अहवाल आल्यावर पार्किंगमधील सर्व कॉलमना जॅकेटिंग (भोवती नवे मजबुतीचे आवरण) करावे लागले. तो शेरा मात्र इतिवृत्तात अजून तसाच आहे.