‘येलो’ येतं, ‘पाणी’ येत नाही

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस महिन्यांचा आहे. मी बँकेत नोकरी करते, दिवसभर त्याला सासूबाई सांभाळतात. शब्दसंग्रह वाढावा म्हणून तो दहा महिन्यांचा असल्यापासून आम्ही त्याला लहान मुलांचे शैक्षणिक व्हिडिओ दाखवतो. रंग, फळं, प्राणी, एबीसीडी. जेवण तर त्याशिवाय होतच नाही. सगळं मिळून रोज अडीच-तीन तास होत असतील. तो ‘येलो’, ‘ॲपल’, ‘एलिफंट’ म्हणतो, वन टू टेन म्हणतो. पण तहान लागली की माझा हात धरून फिल्टरपाशी ओढत नेतो, ‘पाणी’ म्हणत नाही. ‘आई’ अशी हाकही मारत नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही उशिराच बोलले. व्हिडिओ इंग्रजी आहेत म्हणून असं होत असेल का? मराठी लावू का?
— एक आई, चिंचवड

उत्तर : तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी एक काम सांगते, ते याच आठवड्यात करा. मुलाची श्रवण तपासणी करून घ्या आणि बालविकास तज्ज्ञांना किंवा वाचा-उपचारतज्ज्ञांना त्याला दाखवा. पाठीमागून हळू आवाजात नाव घेतलं तर तो वळून बघतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? आकाशात विमान दिसलं तर ते दाखवायला तुमच्याकडे बघतो का? हे त्या भेटीत विचारतील, म्हणून चार दिवस नीट बघून ठेवा. वस्तूंची नावं येतात पण मागायला, हाक मारायला, नको म्हणायला शब्द वापरता येत नाही, हे एकोणीस महिन्यांत वाट बघत बसण्यासारखं नाही. याचा अर्थ काय, ते पत्रावरून सांगता येत नाही, मुलाला बघूनच सांगावं लागतं. सरकारी सोय हवी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे ‘डीईआयसी’ची, चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. तिथे तपासणी आणि उपचार मोफत असतात. सासूबाईंना माझा निरोप द्या : काही मुलगे उशिरा बोलतात हे खरंच आहे, पण कोणता मुलगा नुसता उशिरा बोलणार आहे आणि कोणाला मदत लागणार आहे, हे घरी बसून कळत नाही. तपासून सगळं ठीक निघालं तर एक दिवस गेला, एवढंच.

आणि एक ओझं आधीच उतरवून ठेवा. व्हिडिओ दाखवले म्हणून तुम्ही वाईट आई ठरत नाही. त्यांच्यावर ‘शैक्षणिक’ असं लिहिलेलं असतं आणि नोकरी करणारी आई त्यावर विश्वास ठेवते. मीही ठेवला होता.

माझा मुलगा वर्षाचा असताना, २००७ साली, नणंदेने अमेरिकेहून बाळांसाठीच्या डीव्हीडी आणल्या. मी तेव्हा कोल्हापुरात नुकतं काम सुरू केलं होतं आणि सवयीने त्याच्या शब्दांची वही ठेवत होते. कोणता शब्द, कधी, कुठे, कशासाठी. टीव्हीवर मासा आला की तो ‘फिश’ म्हणायचा. मी तारीख घालून वहीत लिहिलं, सगळ्यांना फोन करून सांगितलं. पुढे एकदा त्याला रंकाळ्यावर नेलं, काठाशी पाण्यात मासे दाखवले. तो खूश होऊन टाळ्या वाजवत म्हणाला, ‘बुडूक!’ घरी बादलीत काही पडलं की मी ‘बुडूक’ म्हणायची, तो शब्द. ‘फिश’ त्याला माशासाठी नव्हताच, तो त्या पडद्यावरच्या एका चित्रासाठी होता. घरी येऊन वही पुन्हा वाचली. ‘शित्ती’ कुकरची. ‘गेलं’ वीज गेल्यावर. ‘नको’ औषधाच्या चमच्याला. ‘अजून’ गुळाच्या खड्यासाठी. डीव्हीडीतून आलेला आणि घरात वापरला जाणारा असा एकही शब्द त्या वहीत नव्हता.

एका घरच्या वहीवरून नियम काढायचा नसतो. पण २०१० साली अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ज्युडी डेलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा ते अठरा महिन्यांची मुलं घेतली होती. काहींना शब्द शिकवणारा एक लोकप्रिय व्हिडिओ चार आठवडे घरी दाखवला, काहींना एकटं बसवून, काहींना आईवडिलांबरोबर. तिसऱ्या गटाला व्हिडिओ दिलाच नाही. त्यातल्या आईवडिलांना व्हिडिओतल्या पंचवीस शब्दांची यादी दिली आणि सांगितलं, रोजच्या व्यवहारात जमेल तसे शिकवा. चौथ्या गटात काहीच केलं नाही. महिन्याने सगळ्यात जास्त शब्द शिकलेली मुलं तिसऱ्या गटातली निघाली. व्हिडिओ बघितलेली मुलं काहीच न केलेल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती. आणि ज्या पालकांना तो व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपलं मूल त्यातून खूप शिकलं असं वाटत होतं. हे वाचताना मला माझा तो ‘फिश’चा फोन आठवला.

असं का होतं? कारण व्हिडिओ थांबत नाही. तुमच्या मुलाने पिवळ्या फुग्याकडे बघितलं काय, पंख्याकडे बघितलं काय, तो ‘येलो’ म्हणून पुढे जातो. आई मात्र मूल पंख्याकडे बघतंय हे बघून ‘पंखा’ म्हणते. मुलाने ‘पा’ केलं की ‘हो, पंखा! गरगर गरगर!’ म्हणते आणि परत त्याच्या तोंडाकडे बघते. शब्द त्या बघण्यात शिकला जातो. मुलाचं लक्ष आधी, शब्द नंतर, आणि मुलाने काही केलं की त्याला उत्तर. हा क्रम पाळणारा व्हिडिओ अजून मी बघितलेला नाही.

म्हणून मराठी व्हिडिओ लावून फरक पडणार नाही, भाषेचा दोष नाहीच. मात्र शब्दांच्या निवडीबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहे. हे व्हिडिओ नामांनी भरलेले असतात. हत्ती, जिराफ, त्रिकोण, जांभळा. दीड वर्षाच्या मुलाला त्रिकोणाचं काय काम असतं? त्याला लागतात दे, घे, ये, नको, अजून, वर, संपलं, पडलं, उघड. मराठीत तर यातले काही शब्द एका अक्षराचे आहेत, मुलाच्या तोंडाला सहज जमणारे. आणि ‘मम्’, ‘भूर’, ‘बाऊ’, ‘जोजो’ या लाडाच्या शब्दांना लाजू नका. माझ्याकडे येणारे काही पालक सांगतात, आम्ही पहिल्यापासून शुद्धच बोलतो. बोला की. पण ‘भूर जायचं?’ म्हटल्यावर चप्पल आणायला पळणाऱ्या मुलाला भाषा कशासाठी असते ते कळलेलं असतं.

आता व्हिडिओचं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाबरोबर. तुमच्या बाबतीत मी म्हणेन, सध्या पूर्ण बंद करा. पहिले तीन-चार दिवस फार रडारड होईल, जेवण कमी जाईल. शनिवार-रविवार जोडून सुट्टी घ्या आणि सुरुवात तुम्ही करा, सगळं सासूबाईंवर टाकू नका. त्याला तुमच्या पानाशेजारी बसवा, वाटीत भाताचे दोन घास द्या, सांडू द्या.

संध्याकाळी तुम्ही पोळ्या करत असाल तेव्हा शेगडीपासून लांब, जमिनीवर त्याला कणकेचा गोळा द्या. ‘दाब. दाब. चपटं झालं!’ एवढंच बोला आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. त्या दहा आकड्यांत तो काहीतरी करेल, बघेल, आवाज काढेल, हात पुढे करेल. त्याला उत्तर द्या. मी आयांना हेच सगळ्यात जास्त वेळा सांगते आणि हेच सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही. फिल्टरपाशी तो तुम्हाला नेईल तेव्हा लगेच पेला भरू नका. खाली बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येऊ द्या. ‘पाणी?’ म्हणा, थांबा. त्याने नुसतं ओठ मिटून ‘प’ केलं, पेल्याकडे बोट केलं, तरी ‘पाणी! घे पाणी’ म्हणून द्या. काहीच केलं नाही तरी द्या. तहानलेल्या मुलाला शब्दासाठी अडवून धरायचं नाही. आणि पाहुणे आले की ‘एलिफंट म्हण, काकांना म्हणून दाखव’ हे आजपासून बंद.

सासूबाईंची मालिका दुपारी चालू असते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर मूल झोपल्यावर बघायला सांगा. मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लावून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात (२००९) असं दिसलं की टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी होतात. कोणी मुद्दाम गप्प बसत नाही, टीव्ही बोलतो म्हणून माणसं बोलायची राहतात. सासूबाईंना रागावून हे सांगू नका. दिवसभर त्याच्याशी बोलणारं घरात दुसरं कोणी नाही, त्यांच्याइतकी मोठी मदत मी तासाभराच्या भेटीत देऊ शकत नाही. त्यांना हातावरचे जुने खेळ येत असणार. तळहातावर बोटं नाचवत दाणा खाऊ घालायचा, पाणी पाजायचं आणि मग काखेपर्यंत गुदगुल्या करत जायचं. गुदगुल्यांच्या आधी जो क्षणभर थांबा येतो ना, त्यात मूल श्वास रोखून आजीकडे बघतं. मी उपचारात जे शिकवते, ते त्या थांब्यात आहे.

तपासणीत काय निघालं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. पालक म्हणतात, मोबाइलवरच्या गोष्टी दाखवा, मुलं लवकर शिकतात. दाखवाव्यात का?
— एक ताई, शाहूवाडी तालुका

उत्तर : ताई, तीन वर्षांनंतर चित्र पालटतं. या वयात चांगल्या कार्यक्रमातून मुलं नवे शब्द उचलतात. ‘सेसमी स्ट्रीट’ हा १९६९ पासून चालणारा अमेरिकी कार्यक्रम बघणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या शब्दसंग्रहात भर पडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा, पाच-सात मिनिटांची एखादी संथ गोष्ट दाखवायला हरकत नाही. पण मध्ये थांबवा, ‘आता काय होईल?’ विचारा, आणि नंतर तीच गोष्ट मुलांकडून करून घ्या. एकाने विहीर व्हायचं, एकाने दोर. वीस-पंचवीस मुलांना एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसवण्यापेक्षा तुमच्या अंगणातली घमेली, खराटा, बोअरिंगचा हापसा यावर अर्धा तास बोललात तर जास्त शब्द निघतील.

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीत असतो, सव्वीस महिन्यांचा आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटतो. आता मुलगा म्हणतो, डॉक्टरांनी स्क्रीन कमी करायला सांगितली आहे, कॉलही पंधरा दिवसांतून एकदा करू. मी त्याच्यासाठी गोष्टी सांगून, रेकॉर्ड करूनही पाठवतो. मराठी त्याच्या कानावर पडावी एवढीच इच्छा. कॉल ही पण स्क्रीनच का?
— एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, पडदा तोच असला तरी कॉलवर तुम्ही त्याला उत्तर देता, म्हणून ती वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेतल्याच तीन संशोधक बायकांनी चोवीस ते तीस महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून बघितली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून. २०१४ साली त्यांचे निष्कर्ष आले. समोरासमोर आणि कॉलवर मुलं शिकली, चित्रित व्हिडिओतून शिकली नाहीत. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही, तिथली आणि आपलीही, लहानांसाठी व्हिडिओ कॉलला सूट देतात. हे मुलाला शांतपणे सांगा. मी तर म्हणेन, पंधरा दिवसांनी एकदा तासभर नको, आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटं करा. तुमची संध्याकाळची सात म्हणजे तिकडची सकाळ, उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. शनिवार-रविवारी ती त्याची न्याहारीची वेळ असेल. त्याने वाटी घेतली की तुम्हीही वाटी घ्या. ‘तुझी वाटी कुठाय? माझी ही!’ चमचा लपवा, शोधायला लावा. तो उठून पळाला तर हाका मारत बसू नका, परत येईल. त्याच्याशेजारी आई किंवा बाबा बसलेले हवेत. तुम्ही ‘वर’ म्हणालात की त्याला वर उचलून घेणारं कोणीतरी तिकडे हवं.

रेकॉर्ड केलेल्या गोष्टी पाठवणं सोडू नका, पण त्या लावून त्याला एकटं बसवू नये, असं सूनबाईंना सांगा. सोबत बसून ऐकावं, मध्ये थांबवून विचारावं, ‘आजोबा काय म्हणाले?’

मिरजेला सारख्या गाड्या येत-जात असतात. एकदा कॉल स्टेशनच्या पुलावरून करा. फलाटावर गाडी शिरताना फोन तिकडे धरा, काही बोलू नका, आणि तो काय म्हणतो ते आधी ऐका.