साखर आणि धान्य न घालता डोनट केले तर साच्यातून काढताना तुटतात, काय करावं?

बदामाच्या पिठात ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन) नसतं, त्यामुळे बांधून ठेवायचं काम अंड्यांना आणि इसबगोलाला करावं लागतं.

6 डोनटसाठी: बदामाचं पीठ 150 ग्रॅम, अंडी 3, पातळ केलेलं तूप 40 ग्रॅम, एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी वापरायची पूड) 50 ग्रॅम, इसबगोल 1 मोठा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, लिंबाचा रस 1 मोठा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची. बेकिंग पावडर टाळा, तिच्यात बहुतेक वेळा मक्याचं पीठ असतं. एरिथ्रिटॉल मिक्सरमधून बारीक करून घ्या, नाहीतर दाताखाली कचकच लागतं. गूळ किंवा खजूर घातला तर ते साखरमुक्त राहत नाहीत.

लिंबाचा रस सोडून सगळं मिसळा आणि 10 मिनिटं झाकून ठेवा. इसबगोल फुगून मिश्रण इडलीच्या पिठाहून घट्ट झालं पाहिजे. मग रस घाला आणि लगेच तूप लावलेल्या सिलिकॉनच्या साच्यात पाऊणपर्यंत भरा. आधीच तापवलेल्या ओटीजीत 170 अंशांवर, मधल्या जाळीवर 15 ते 18 मिनिटं. बदाम पटकन करपतो, बाराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा.

तुटण्याचं खरं कारण बहुधा घाई असते. गरम असताना ते मऊच असतात. साच्यातच 20 मिनिटं निवू द्या, मग साचा उलटा करून हलकेच सोडवा.

बदाम वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटातून आणून घरी दळणार असाल तर मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलात तर तेल सुटतं. ठाण्याच्या पावसाळी हवेत उरलेलं पीठ फ्रीजमध्येच ठेवा.